ट्रान्सप्युटरने लावलेली शिस्त

भारताला हवा तसा क्रे महासंगणक द्यायला अमेरिकेने नकार दिला, मग १९८८ साली सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. सी-डॅक पुणे विद्यापीठाच्या आवारातच असल्यामुळे आम्हा विद्यार्थ्यांत ‘परम’ची चर्चा कायम रंगायची. आमच्या हाती मात्र आलं ते पीसीत बसवलेलं ट्रान्सप्युटरचं कार्ड. ट्रान्सप्युटर म्हणजे ‘परम’मध्ये होते त्याच जातीचे प्रोसेसर, ब्रिस्टलच्या इन्मॉस कंपनीचे टी-८००, फक्त चार.

प्रत्येक ट्रान्सप्युटरला चार लिंक असत. शेजाऱ्याशी बोलायचं ते त्यांवरूनच, कारण सामायिक मेमरी नव्हतीच. भाषा ऑकम. ‘सेक’ लिहिलं की खालची कामं एकामागून एक, ‘पार’ लिहिलं की एकाच वेळी. पाठवायला उद्गारचिन्ह, घ्यायला प्रश्नचिन्ह. समास दोन स्पेसचाच. एक स्पेस चुकली की कंपायलर अडून बसे.

आमचा प्रयोग होता तापलेल्या पत्र्यावरचं तापमान काढण्याचा. पत्र्याचे चार पट्टे करून चौघांना वाटायचे आणि दर फेरीला कडेच्या ओळींची देवाणघेवाण करायची. दोन शेजाऱ्यांनी आधी पाठवायचंच ठरवलं, तर घेणारा कोणीच नाही. दोघेही जागच्या जागी थिजत. त्रुटीचा संदेशही येत नसे. स्क्रीन फक्त पीसीला. बाकीच्यांचं म्हणणं पहिल्या ट्रान्सप्युटरमार्फत यायचं, आणि वाटच तुंबलेली. मग कागदावर बाण काढून, कोण कोणासाठी खोळंबलंय ते शोधायचं.

पत्रा लहान घेतला, तर चार प्रोसेसर एकट्यापेक्षा फार पुढे जात नसत. हिशेबापेक्षा निरोपांतच वेळ जाई. मोठा घेतला की खरी गती दिसे. संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडालने १९६७ सालीच बजावलं होतं, की कामाचा जो भाग वाटता येत नाही तोच शेवटी वेगाला लगाम घालतो. ते वाक्य पुस्तकात वाचून पटलं नव्हतं, कार्डावर पटलं.

ट्रान्सप्युटर बाजारातून गेला. १९९४ मध्ये एमपीआय हे निरोपांचं प्रमाणित तंत्र आलं. आज खिशातल्या फोनमध्येही आठ कोअर असतात. पण वाटणीचा आणि निरोपांचा प्रश्न जसाच्या तसा आहे. म्हणून समांतर प्रोग्रॅम लिहायला बसणाऱ्या विद्यार्थ्यांना एवढंच सांगेन : कीबोर्डला हात लावण्याआधी, कोण कोणाला काय पाठवणार आणि कोण ते घ्यायला थांबणार, हे कागदावर काढा.