उभं अंगण

लंडनला थेम्सच्या दक्षिण काठावर शेक्सपिअरचं ग्लोब नाट्यगृह आहे. ओकच्या खांबांचं, चुन्याच्या गिलाव्याचं, गवतानं शाकारलेलं गोल घर. त्याच्या मधोमध, थेट आभाळाखाली, जी मोकळी जागा आहे तिला तिथे 'यार्ड' म्हणतात. मी तिला अंगणच म्हणते. घरातलं लग्न, भांडण, मयत सगळं जसं अंगणासमोर होतं, तसंच इथे होतं.

या अंगणाला खुर्च्या ठाऊक नाहीत. सातशे माणसं उभी राहतात. 1997 साली, जुन्याच्या धर्तीवर बांधलेलं हे नवं ग्लोब उघडलं तेव्हा इथलं तिकीट पाच पौंड होतं आणि पुढे वीसहून अधिक वर्षं ते तेवढंच राहिलं. प्रयोग चालू असताना खाली बसलात, तर स्वयंसेवक हळूच येऊन उठवतात. पाऊस आला तर छत्री उघडायची नाही आणि नाटक थांबायचं नाही. उभं राहून नाटक बघण्याचा शिरस्ता जुना आहे. 1599 साली थॉमस प्लॅटर नावाचा स्विस प्रवासी याच काठावरच्या गवती छपराच्या नाट्यगृहात 'ज्युलियस सीझर' बघून गेला. खाली उभे राहणारे एक पेनी देतात, असं त्यानं लिहून ठेवलंय. आपल्याकडे ज्याला पिटातला प्रेक्षक म्हणायचे, त्याचा हा पूर्वज.

समीक्षक बसतात सज्जात, छपराखाली. त्यांचं मत छापून येतं. अंगणाचं मत जागच्या जागी, अंगानं व्यक्त होतं. या दोघांचं पटलंच असं नाही. पहिल्याच मोसमात नट मार्क रायलन्सचा 'हेन्री पाचवा' लागला. फ्रेंच सरदार मंचावर आले की अंगण हुर्यो करायचं. काही समीक्षकांना तो पोरखेळ वाटला. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. शत्रूची अशी टर उडाली की त्याचं माणूसपण हरवतं. पण राजा लढाईआधी आपल्या फौजेशी बोलतो तेव्हा त्याला समोर फौज लागते. ती फौज कुठून आणायची हा प्रश्न प्रत्येक दिग्दर्शकाला पडतो. इथे ती आयती उभी असते.

2014 साली दिग्दर्शिका ल्युसी बेलीनं 'टायटस अँड्रॉनिकस' केलं. तेच नाटक तिनं 2006 सालीही इथे केलं होतं. हात तोडलेली, जीभ छाटलेली टायटसची मुलगी लाविनिया रक्तानं माखून पुढे येते. अंगणात माणसं खरोखर चक्कर येऊन पडू लागली. वर्तमानपत्रांनी त्याच्या बातम्या केल्या. तासन् तास उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं, उकाड्यानं जीव कासावीस होतो आणि नेमकं तेव्हाच ते दृश्य समोर येतं. स्वयंसेवक पडलेल्याला धरून बाहेर नेत, पाणी पाजत. नाटक चालूच. त्या पडलेल्या माणसाइतकी खरी दाद कुठल्याही परीक्षणात वाचलेली मला आठवत नाही.

पुढे 2016 साली एमा राइस ग्लोबची कलात्मक संचालक झाली. तिनं दिवे लावले, ध्वनिवर्धक आणले. तिच्या 'मिडसमर नाइट्स ड्रीम'ला तरुण मंडळींची गर्दी झाली. त्याच ऑक्टोबरात विश्वस्तांनी तिची कारकीर्द 2018 साली संपेल असं जाहीर केलं. वाद होता तो या दिव्यांचा आणि आवाजाचा. राइसची धिटाई मला मनापासून आवडते. तरी या भांडणात मी अंगणाच्या बाजूची. मंचावर झोत पडला की समोरची माणसं अंधारात जातात. दोघांवर एकच उजेड असला, तर नट आपल्या डोळ्यांत बघून बोलतो आणि आपल्याला नजर चोरता येत नाही.

त्याआधी, 2012 साली तर या नजरानजरेला भाषेचाही आधार नव्हता. शेक्सपिअरची सदतीस नाटकं सदतीस भाषांत झाली. मुंबईच्या अतुल कुमारनं 'ट्वेल्फ्थ नाइट'चं हिंदी 'पिया बहरूपिया' नेलं. आपली गीतांजली कुलकर्णी व्हायोला, सागर देशमुख ऑर्सिनो. पडद्यावर प्रवेशाचा थोडक्यात सारांश तेवढा दिसे, संवादांचं भाषांतर नाही. बाकी सगळा भार गाण्यांवर, चेहऱ्यांवर आणि अंगणावर.

मी तिथे पहिल्यांदा उभी राहिले तीही 'ट्वेल्फ्थ नाइट'लाच, इंग्रजीतल्या. मंच छातीपर्यंत येतो. फळीवर कोपरं टेकवून बघत होते. नटाच्या बुटाची उसवलेली शिवण दिसत होती, वाक्यासरशी उडालेली थुंकी मनगटावर पडत होती. मध्यंतरानंतर पाऊस सुरू झाला. गवताच्या वळचणीतून पागोळ्या गळू लागल्या. कडेच्या लोकांच्या कॉलरीत पाणी शिरत होतं, पण हलेना कुणी. माझ्या शेजारच्या आजीबाईंनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला आणि तशाच, डोळे बारीक करून बघत राहिल्या.

या नाटकाच्या शेवटी विदूषक फेस्टे पावसाचं गाणं म्हणतो. तो पुढे आला, तोंड उघडलं आणि थांबला. वर आभाळाकडे पाहिलं. मग आमच्याकडे. निथळणारं अख्खं अंगण एकदम हसलं. तो हसू ओसरेपर्यंत थांबून राहिला आणि मग अगदी हलक्या आवाजात, आमच्यासाठीच असल्यासारखं, गायला लागला.

टाळ्या संपल्या तेव्हा पोटऱ्या भरून आल्या होत्या. फळीवरून कोपरं उचलली. मंचाच्या छपराखाली कोरड्या राहिलेल्या लाकडावर दोन ओले डाग उमटले होते, शेजारी आजीबाईंचे दोन.