डब्यातले मासे

कार्यानुभवाचा तास कुणाला आवडत नाही? गणिताच्या वहीवर लाल शेरे येतात, कार्यानुभवात फार तर बोटांना डिंक लागतो. डी.एड.ला असताना माझी कार्यानुभवाची फाईल वर्गातली मुलं मागून न्यायची. तिच्यात शोषखड्ड्याचं एक चित्र होतं. दगड करडे, विटांचे तुकडे लाल, वाळू पिवळी. 10 पैकी 9 गुण मिळाले होते. पुढे मी शिक्षक झालो आणि तेच चित्र मुलांकडून काढून घेऊ लागलो. पण खरा शोषखड्डा मात्र मी तोवर एकही खणला नव्हता!

आणि आमच्या घरची स्थिती काय होती, ऐका. न्हाणीचं, भांड्यांचं, धुण्याचं सगळं पाणी अंगणातून वाहत थेट बोळात जायचं आणि समोरच्या काकूंच्या दारात डबकं करायचं. डोंगरकडा हे आमचं गाव हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यात, नांदेडहून येणाऱ्या रस्त्यावर आहे. केळीच्या बागांचा हा भाग. जमीन काळीभोर. ती ओली झाली, की पायातली चप्पल दोन किलोची होते! काकू एकदा सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मास्तर, लेकरायला स्वच्छता शिकवता अन् तुमचं पाणी माझ्या दारात?" मी हसण्यावारी नेलं. पण 2020 च्या फेब्रुवारीत माझी माय त्याच चिखलात घसरून पडली, मनगट दुखावलं, आणि हसणं संपलं.

मार्चअखेर लॉकडाऊन लागला. शाळा बंद, बाजार बंद. मी कुदळ आणि फावडं काढलं.

आधी पाणी मोजायचं ठरवलं. आमची लेक तेव्हा जेमतेम शाळेत जाण्याच्या वयाची. तिला खडू दिला आणि सांगितलं, घरात बादली रिकामी झाली, की भिंतीवर एक रेघ ओढायची. संध्याकाळी 14 रेघा झाल्या. 15 लिटरची बादली, म्हणजे 210 लिटर पाणी आम्ही पाच माणसं रोज बोळात सोडत होतो. आता चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा घेतला तर तो 64 घनफुटांचा. एका घनफुटात सुमारे 28 लिटर पाणी मावतं, म्हणजे जवळजवळ 1800 लिटर. निम्मी जागा दगडांनी अडवली तरी चार दिवसांचं पाणी सहज मावेल. गणितात पास!

चार दिवस खणलं, हाताला फोड आले. दगड भरले, न्हाणीचं पाणी आत सोडलं. पाचव्या दिवशी सकाळी पाहतो तर खड्डा काठोकाठ भरून पाणी पुन्हा बोळात. काकू दारात उभ्या होत्याच.

माय ओसरीवरून म्हणाली, "आरं बापू, काळीत पाणी मुरत नसतंय. हिर खांदली तव्हा पुरुषभर खाली मुरूम लागला व्हता. तिथवर जाय की."

माझी माय शाळेत गेलेली नाही. काळ्या मातीचे कण फार बारीक असतात, ओली झाली की ती फुगते आणि तिच्यातल्या फटी मिटतात, हे मी परिसर अभ्यासात शिकवत होतो. शिकवत होतो, पण स्वतःच्या अंगणात मला ते आठवलं नाही. सगळे दगड बाहेर काढले. पुन्हा खणलं. साडेपाच फुटांवर पिवळसर मुरूम लागला. दोन बादल्या पाणी ओतून, काठी उभी करून खूण केली. अर्ध्या तासात पाणी गायब! ही चाचणी आधीच करायला हवी होती. तुमच्याकडे खड्डा घ्यायचा झाला, तर आधी फावड्याच्या पात्याएवढा लहान खड्डा करून त्यात पाणी ओता आणि घड्याळ लावून बघा. आणि हो, मोठा खड्डा खणणं हे तुमचं काम नाही बरं का. काळ्या मातीचे काठ अवचित ढासळतात. खणताना मोठी माणसं हवीतच, आणि रात्री खड्ड्यावर फळ्या टाकून वर बाभळीचे काटे ठेवायचे. तुम्ही रेघा ओढा, दगड निवडा, हिशोब ठेवा. तेही काम थोडं नाही.

तळाला डोक्याएवढे दगड, त्यावर मुठीएवढे, वर विटांचे तुकडे. मधोमध एक जुनं मडकं. त्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडून आत नारळाच्या शेंड्या भरल्या. पाणी आधी मडक्यात पडतं. केस, भाताची शितं, साबणाचा मेंगटपणा शेंड्यांत अडकतो आणि बरंचसं निवळलेलं पाणी खाली जातं. मडक्यावर उचलता येईल अशी फरशी, बाकी सगळीकडे पोती अंथरून माती. यात संडासाचं पाणी मात्र कधीही सोडायचं नाही, आणि विहीर किंवा हातपंप निदान 50 फूट तरी लांब असावा.

आमच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातलं टेंभुर्णी हे गाव तुम्ही ऐकलं असेल. तिथल्या लोकांनी घरोघरी असे खड्डे घेतले, उघडी गटारं बंद केली, डास हटवले. 2016 च्या आसपास ते गाव वर्तमानपत्रांतून गाजलं. नांदेडात या खड्ड्याला 'मॅजिक पिट' असं नाव पडलं. त्यांच्या खड्ड्यात मडक्याऐवजी सिमेंटची टाकी असते आणि भोकं तिच्या वरच्या भागात ठेवतात, म्हणजे गाळ टाकीच्या तळाशी बसतो आणि वरचं पाणीच बाहेर जातं. माझ्या मडक्यापेक्षा ती रीत चांगली. लॉकडाऊनमध्ये मला टाकी कुठून मिळणार!

महिन्याभरात मडकं तुंबलं. ते आमच्या सौ.च्या लक्षात आलं, कारण भांडी तीच घासत होती. शेंड्या काढून धुण्याचं कामही आपोआप तिच्याकडे गेलं. लोक खड्डा बघायला यायचे आणि म्हणायचे, "मास्तरांनी खड्डा केला." खड्डा मास्तरांनी केला, चालवत मात्र ती होती. हे मला कळायला जरा उशीर लागला. आता दर पंधरवड्याला मडकं धुणं माझ्याकडे आहे, आणि सांगतो, वास काही गुलाबाचा नसतो.

बोळ कोरडा झाला. संध्याकाळचे डास कमी झाले. काकूंनीही पुढल्या वर्षी खड्डा घेतला. मी जाईन तिथं शोषखड्ड्यावर बोलू लागलो. आपल्या घरापुरता डासांचा विषय संपला, असं मी धरून चाललो होतो.

2023 च्या मार्चमध्ये ऊन तापलं. कार्यानुभवाच्या तासाला आम्ही पाखरांसाठी पाण्याचे डबे केले. पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन आडवा कापायचा, कडेला दोन भोकं पाडायची, सुतळी ओवायची. 42 डबे झाले! मुलांनी ते घरोघरी लिंबाला, आंब्याला टांगले. एक आमच्याही अंगणात लिंबाला टांगला. साळुंक्या यायच्या, बुलबुल यायचे. आमची लेक रोज सकाळी तांब्याभर पाणी वरून घालायची.

जून आला, पाऊस आला. पाखरांना पाणी जागोजाग मिळू लागलं, पण डबे तसेच टांगलेले राहिले.

ऑगस्टमध्ये चौथीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याकडे धावत आला. "सर, आपल्या डब्यात मासे झाले! लई बारीक हायेत, वाकडे-तिकडे पळतात." मी तेव्हा मोबाईलवर कसली तरी माहिती भरत होतो. मान वर न करता म्हणालो, "बेडकाची पिल्लं असतील रे." तो थोडा वेळ उभा राहिला आणि गेला.

दहा-बारा दिवसांनी आमच्या लेकीला ताप आला. अंग फणफणलेलं, डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणायची. तिसऱ्या दिवशी अंगावर लाल पुरळ. रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. रक्तात प्लेटलेट नावाच्या पेशी असतात, त्या दीड लाखाच्या वर असाव्या लागतात. तिच्या 41 हजारांवर आल्या. नांदेडला दवाखान्यात पाच दिवस काढले. सलाईनची थेंब-थेंब बाटली मी रात्रभर बघत बसायचो. थेंब मोजायची सवय लागली. सहाव्या दिवशी आकडा चढला, तिनं वरण-भात मागितला आणि तिची आई दवाखान्याच्या जिन्यात जाऊन रडली.

घरी आलो आणि मी सरळ लिंबाखाली गेलो. डबा खाली घेतला. पाण्यात काळपट वळवळे. डोकं खाली, शेपूट वर. चाहूल लागली की सुळकन तळाशी. मासे!

तुमच्या परिसर अभ्यासात हे आहे, पण मी पुन्हा सांगतो. घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास वेगळा. माझ्या खड्ड्यानं तो कमी केला होता. डेंग्यूचा एडिस डास वेगळा. पायांवर पांढरे पट्टे, दिवसा चावतो, आणि त्याला गटार नको, घरातलं साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. रांजण, टायर, कुंडीखालची बशी, कूलर, आणि पाखरांचा डबा. मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या अंगाला अंडी चिकटवते. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. पुन्हा पाणी लागलं, की अळ्या बाहेर. आठ-दहा दिवसांत डास तयार! म्हणून नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही, आतून घासावं लागतं. आमची लेक तर रोज वरून पाणी घालत होती. अंडी भिजायला दुसरं काय हवं? तिला तसं शिकवणारा मीच.

तिला चावलेला डास नेमका त्याच डब्यातला होता का, हे कोण सांगणार? पण 42 डबे मी करून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मुलाला पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "तू मला सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही. चूक माझी." तो इतका लाजला, की बाकाखालीच शिरला. मग आम्ही थोड्या अळ्या बाटलीत घेतल्या, तोंडाला दुहेरी फडकं घट्ट बांधलं आणि रोज वहीत नोंद केली. काही दिवसांत अळ्यांचे स्वल्पविरामासारखे कोष झाले, मग एका सकाळी बाटलीत पांढऱ्या पट्ट्यांच्या पायांचे सात डास. वर्ग चिडीचूप! फडकं न सोडता अख्खी बाटली मी साबणाच्या पाण्यात बुडवली.

त्या शनिवारी आम्ही काथ्या आणि राख घेऊन घरोघरी फिरलो. 42 पैकी 37 डबे सापडले. बाकीचे पाच माकडांनी नेले, असं मुलं म्हणाली. माकडांवर मी विश्वास ठेवला. आरोग्य खात्याचे लोक आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतात. आमचा शनिवार ठरला. रांजण, बादल्या, टाक्या त्या दिवशी उपड्या, घासून, उन्हात. डबे उन्हाळ्यात पुन्हा टांगतो, पण शनिवारी उतरवतो, आणि पहिला पाऊस पडला की माळ्यावर.

तो मुलगा आता हायस्कुलात जातो. तरी अधूनमधून शनिवारी आमच्याकडे येतो, आधी मायच्या पाया पडतो, मग तपासणी सुरू. गेल्या पावसाळ्यात रांजण बघितला, कुंड्या बघितल्या, शोषखड्ड्याची फरशी उचलून मडकंही बघितलं. मी जरा ऐटीत उभा होतो. तेवढ्यात तो स्वयंपाकघरात गेला, फ्रीजच्या मागे वाकला आणि खालचा पाण्याचा ट्रे अलगद बाहेर ओढला.

"सर," तो म्हणाला, "काथ्या द्या."