कुणाला काय ठाऊक

चालू मालिका मध्येच हातात येते, तेव्हा आधीच्या शेकडो भागांत काय घडलं हे सांगणारं निर्मितीसंस्थेत सहसा कुणी नसतं. आधीचा संवादलेखक दुसऱ्या वाहिनीवर गेलेला असतो, क्रिएटिव्ह बदललेली असते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर शेवटच्या आठवड्याचे सीन येऊन पडतात. उद्या घोडबंदर रोडच्या सेटवर शूटिंग, संवाद आज रात्री हवेत. मी डोंबिवलीत घरी बसून लिहिते आणि अशा रात्री सगळ्यात आधी मराठी विकिपीडिया उघडते.

ज्यांनी ही पानं पाहिली नसतील त्यांना सांगते, मराठी विकिपीडियावर मालिकांची जी नोंद आहे ती भल्याभल्या कादंबऱ्यांच्या वाट्याला आलेली नाही. कलाकार कोण, कुठलं पात्र कुणाचं कोण, कुणाच्या जागी कोण आलं. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली शनाया आधी रसिका सुनील, मग ईशा केसकर, मग पुन्हा रसिका सुनील. पुढे ‘विशेष भाग’ या मथळ्याखाली प्रसंग आणि त्यांच्या तारखा. त्याखाली आठवड्यागणिक टीआरपी, तोही क्रमांकासह. हे सगळं एक पैसा न घेता कुणीतरी टंकत बसलेलं असतं. त्यांची नावं मला ठाऊक नाहीत, पण माझ्या मानधनातला काही भाग न्यायाने त्यांचा आहे. (हे निर्मात्याला सांगू नये.)

आमच्याकडे कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. वरून वाहिनीच्या सूचना. सुरुवातीला ‘बायबल’ नावाचा दस्तऐवज तयार होतो, त्यात पात्रांचा स्वभाव, घराण्याचा इतिहास, वर्षभराचा प्रवास असतो. पहिल्या काही आठवड्यांचे आकडे आले की ते बायबल कपाटात जातं. जी मावशी चार भागांसाठी आली होती ती लोकांना आवडते आणि दोन वर्षं राहते. ‘चार दिवस सासूचे’ 2001 ते 2013 चालली, तीन हजारांवर भाग झाले. एवढा मजकूर कुठल्याही एका लेखकाच्या डोक्यात मावणार नाही. रोज साडेसातला टीव्हीसमोर बसणाऱ्या प्रेक्षकाच्या डोक्यात मात्र मावतो, कारण त्याला तो लिहायचा नसतो.

लेखकाने असं चाहत्यांच्या नोंदींवर विसंबणं मराठी मालिकांच्या आळशीपणातून आलंय असं कुणाला वाटत असेल, तर तसं नाही. ‘द एल्डर स्क्रोल्स’ या व्हिडिओ गेममालिकेच्या चाहत्यांनी 1995 मध्ये स्वतःची माहितीपानं सुरू केली. पुढे त्या गेमांवर काम करणारे लेखकसुद्धा आपल्याच जगातली राजघराणी आणि लढाया तिथे जाऊन तपासू लागले. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांना आपल्याच कादंबऱ्यांतला तपशील हवा असला की ते स्वीडनमधल्या एलिओ गार्सिया या चाहत्याला विचारत. पुढे गार्सिया आणि लिंडा अँटनसन या जोडप्याला त्यांनी 2014 च्या ‘द वर्ल्ड ऑफ आइस अँड फायर’चे सहलेखकच केलं. लुकासफिल्मने वेगळी वाट धरली. ‘स्टार वॉर्स’च्या सगळ्या तपशिलांची नोंद ठेवायला 2000 मध्ये लेलंड ची नावाच्या माणसाला पगारावर नेमलं. आमच्याकडे साडीचा काठ आणि मंगळसूत्राची लांबी मागच्या सीनसारखी आहे का हे बघायला माणूस असतो. कथेची कंटिन्यूटी बघायला माणूस नेमा, असं मी एका बैठकीत सुचवलं होतं. सगळे हसले आणि चहा आला.

तरी विकिपीडियाच्या पानावर मला सगळ्यात गरजेची गोष्ट कधीच सापडत नाही. काय घडलं ते तिथे असतं. कुणाला काय ठाऊक आहे, ते नसतं. रोजची मालिका चालते ती नेमकी या दुसऱ्या गोष्टीवर. नवऱ्याचं बाहेर प्रकरण आहे, ही एका ओळीची माहिती. ते प्रेक्षकाला पहिल्या आठवड्यात कळतं, मैत्रिणीला दोन महिन्यांनी, सासऱ्यांना संशय येतो पण ते गप्प राहतात, सासूला सगळं कळून ती मुलाची बाजू घेते, आणि बायकोला सर्वांत शेवटी. प्रेक्षक सोडून हे चौघं आणि नवरा एका स्वयंपाकघरात समोरासमोर आले की प्रत्येकाच्या तोंडी वेगळं वाक्य हवं. सासऱ्यांनी ‘जेवून घे’ म्हणताना सुनेकडे बघायचं की ताटाकडे, हे त्यांना काय माहीत आहे त्यावर ठरतं. सेटवरून सीनियर अभिनेत्रीचा फोन येतो, “ताई, मला हे अजून कळलेलं नाहीये ना?” ती सीनच्या मुळावरच बोट ठेवत असते. उत्तर चुकलं तर तिचा चेहरा चुकतो, आणि प्रेक्षकाला का ते न कळताही काहीतरी खटकतं.

गेम लिहिणाऱ्यांची अडचण याहून बिकट असावी. तिथे खेळणारा ज्या वाटेने जाईल तेवढंच त्याला कळतं, पण चाहत्यांच्या पानावर सगळ्या वाटा शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. ‘द एल्डर स्क्रोल्स’मधल्याच 1996 च्या ‘डॅगरफॉल’ला एकमेकांशी न जुळणारे अनेक शेवट होते. त्याच मालिकेतल्या 2002 च्या ‘मॉरोविंड’ने सांगितलं की काळ मोडला आणि ते सगळेच शेवट एकदम खरे झाले. इतकी बेधडक सोडवणूक मी अजून कुठल्या वाहिनीच्या बैठकीत ऐकलेली नाही, आणि आमच्या बैठकींत पुनर्जन्मही सहज मंजूर होतो.

नोंद कशी ठेवावी ते शिकायचं तर मी ‘लीळाचरित्र’कार म्हाइंभटांकडे जाईन. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी स्वामींच्या लीळा गोळा केल्या, त्या ज्याच्या त्याच्याकडे जाऊन. जो प्रसंगाला हजर होता त्याला विचारायचं आणि मग स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून पडताळून घ्यायचं. प्रसंगाइतकाच साक्षीदार महत्त्वाचा. पुढे मूळ पोथी हातची गेली, अनुयायांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली आणि पाठभेद निर्माण झाले. कुणाच्या आठवणीतला पाठ कुठला, हे महानुभाव पंथाने जपलं. ‘लीळाचरित्र’ आपण भक्तिग्रंथ म्हणून वाचतो. मी ते धंद्यातलं पुस्तक म्हणूनही वाचते.

साक्षीदार माझ्याकडेही आहेत. ठाण्याला मीटिंग असली की डोंबिवलीहून लेडीज डब्यात चढते. तिथे मालिकांची चर्चा ऐकली की लक्षात येतं, बायका कथा सांगतच नाहीत, कुणाला कुठवर कळलंय ते सांगतात. “अगं, तिला अजून पत्ताच नाहीये.” “पण सासऱ्यांनी फोन ऐकला ना दारामागून?” दारामागून ऐकलेला फोन विकिपीडियाच्या ‘विशेष भाग’ यादीत कधी जात नाही. यादीत जातो थप्पड मारल्याचा भाग. कळवा येईपर्यंत मला कधी कधी दोन आठवड्यांचं स्क्रीनप्ले दुरुस्त करण्याइतका मजकूर मिळतो, आणि मी याच मालिकेची लेखिका आहे हे कुणालाही सांगत नाही.

त्यामुळे आता विकिपीडियावरून तारखा आणि घटना घेते, आणि उरलेलं माझ्या वहीत लिहिते. एका पात्राला एक पान. वर गुपितं, खाली कधी कळलं, कुणाकडून कळलं आणि कळल्याचं ते कुणापासून लपवतंय. हा शेवटचा रकाना सगळ्यात जास्त भरतो. सीनच्या माथ्यावरही एक ओळ टाकते, या सीनमध्ये कोण अनभिज्ञ आहे. दिग्दर्शकाचा सहायक आधी ती ओळ प्रिंट काढताना गाळायचा. हल्ली राहिली तर फोन करून मागतो.

मेलेल्या पात्रांची पानं मी फाडत नाही. आकडे पडले की कोण कुठल्या अपघातातून वाचून परत येईल याचा नेम नसतो, आणि आलंच, तर जाताना त्याला काय ठाऊक होतं हे विचारणारा फोन रात्री अकराला मलाच येतो.