डॉक्टरांचा विरोध

सरकारनें लोकांच्या औषधपाण्याची सर्व व्यवस्था आपल्या हातीं घ्यावी कीं नाहीं, हा प्रश्न निघाला म्हणजे आमचें मत विरोधाकडे झुकतें, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें. या मतास शास्त्रापेक्षां आमच्या लहानपणचा आधार अधिक आहे. आमच्या घरीं येणारे डॉक्टर सायकलवरून येत. त्यांचा कंपाउंडर औषधाच्या बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून देई. तिच्या खांचांवरून एका वेळचा डोस समजे. आजोबांचा दमा, आईचें डोकें, आमचा परीक्षेच्या दिवसांतला ताप, सर्व कांहीं त्या गृहस्थांना तोंडपाठ असे. पैसे वडील पगार झाल्यावर देत, आणि कधीं कधीं देतहि नसत. असा मनुष्य सरकारी नोकर झाला, तीन वर्षांनीं त्याची बदली झाली, आणि ताप येण्यापूर्वीं आम्हांस तीन प्रतींत अर्ज करावा लागला तर कसें होईल, ही कल्पनाच आम्हांस कधीं मानवली नाहीं.

पुढें इंग्रजी वाङ्मय शिकवितांना ध्यानांत आलें कीं, हीच भीति विलायतेंतल्या डॉक्टरांसहि वाटली होती. निमित्त झालें ए. जे. क्रोनिनच्या 'द सिटाडेल' या १९३७ सालच्या कादंबरीचें. क्रोनिन स्वतः डॉक्टर. वेल्समधील ट्रेडीगर या खाणीच्या गांवीं त्यानें नोकरी केली होती. तेथील कामगार पगारांतून थोडे थोडे पैसे एका मंडळास देत आणि त्या बदल्यांत त्यांस डॉक्टर व औषध मिळे. त्याच गांवचा एक खाणकामगार, अन्यूरिन बेव्हन, १९४५ सालीं मजूर सरकारांत आरोग्यमंत्री झाला आणि पुढच्याच वर्षीं त्यानें राष्ट्रीय आरोग्यसेवेचा कायदा मंजूर करून घेतला. उपचाराच्या वेळीं कोणासहि खिशांत हात घालावा लागूं नये, खर्च मुख्यतः करांतून व्हावा आणि इस्पितळें सरकारचीं व्हावींत, असा तो कायदा.

डॉक्टर खवळले. १९४८ च्या फेब्रुवारींत ब्रिटिश मेडिकल असोसिएशननें डॉक्टरांचीं मतें घेतलीं, तेव्हां दहांतल्या जवळजवळ नऊ जणांनीं विरोध नोंदविला. असोसिएशनच्या एका माजी चिटणीसांना तर या योजनेंत हिटलरशाहीचीं पावलें दिसलीं होतीं. हा आक्रस्ताळेपणा वजा केला तरी खालीं कांहीं उरतेंच. त्या काळीं तेथें डॉक्टर आपला दवाखाना रोग्यांच्या यादीसकट विकत घेई आणि म्हातारपणीं विकी. ती विक्री आतां बंद होणार होती. ही झाली पैशाची बाजू, आणि तिची भरपाई म्हणून सरकारनें ६ कोटि ६० लक्ष पौंड ठेविलेहि होते. खरें भय निराळें होतें. सरकार आज ना उद्यां आपणांस पगारी नोकर करील, आणि मग रोग्यापुढें बसलेला डॉक्टर मनांतून वरिष्ठापुढें उभा असेल, हें तें भय.

बेव्हन मोठा चतुर. इस्पितळांतल्या बड्या तज्ज्ञांस त्यानें खासगी रोगी पाहण्याची मुभा देऊन वळवून घेतलें होतें. आणि एप्रिलमध्यें, सामान्य डॉक्टरांवर पूर्णवेळ पगारी नोकरी लादली जाणार नाहीं, अशी हमी कायद्यांत घालण्याचें त्यानें कबूल केलें. विरोध ढिला पडला. ५ जुलै १९४८ रोजीं सेवा सुरू झाली.

आमच्या म्हणण्याचा सारा भर या हमीवर असतो. तेथला घरचा डॉक्टर सरकारचा नोकर न होतां सरकारशीं करार केलेला स्वतंत्र व्यावसायिक राहिला. त्याच्याकडे नांव नोंदविलेल्या प्रत्येक माणसामागें त्यास ठराविक रक्कम मिळूं लागली. इंग्रज लोक ज्या सेवेचा पुढें एवढा अभिमान बाळगूं लागले, तिचा हा भाग विरोधकांनीं भांडून मिळविलेला आहे. कार्डिफ शहरांत बेव्हनचा पुतळा आहे. 'नाहीं' म्हणणाऱ्या त्या हजारों डॉक्टरांचा कोण उभारणार?

हा दाखला आम्ही कॉमनरूममध्यें वारंवार देत असतों. मार्च २०२३ मध्यें राजस्थानच्या विधानसभेनें आरोग्यहक्काचा कायदा केला, तेव्हां तर आम्हांस चांगलेंच स्फुरण चढलें. तातडीच्या प्रसंगीं खासगी इस्पितळानेंहि आगाऊ पैसे न मागतां उपचार करावेत, आणि रोग्यानें पैसे न दिल्यास ते सरकारनें भरून द्यावेत, असें त्यांत होतें. तेथले डॉक्टर रस्त्यावर आले. खासगी इस्पितळें बंद राहिलीं. आमचे एक स्नेही आमच्या गांवीं बारा खाटांचें इस्पितळ चालवितात. आमच्याकडील एका सरकारी योजनेखालीं केलेल्या शस्त्रक्रियांचे पैसे त्यांना चौदा महिने मिळाले नव्हते. ती हकीकत सांगून आम्ही म्हणालों, "उपकार सरकारचा आणि उधारी डॉक्टरची!" टाळी मिळाली. ४ एप्रिलला तेथें समेट झाला. पन्नासांहून कमी खाटा असलेलीं, तसेंच सरकारकडून सवलतीनें जमीन वा इमारत न घेतलेलीं खासगी इस्पितळें कायद्याबाहेर राहावींत, असें ठरलें. हा बेव्हनच्या हमीचाच नवा अवतार, असें आम्ही मोठ्या आवाजांत जाहीर केलें.

चहाचे पेले गोळा करीत आमचा शिपाई तेथेंच होता. दुसऱ्या दिवशीं त्यानें आम्हांस जिन्यांत गांठलें. कांहीं वर्षांपूर्वीं त्याच्या भावाला मोटारसायकलवर अपघात झाला, तेव्हां जवळच्या इस्पितळानें आधीं वीस हजारांची अनामत मागितली. सरकारी इस्पितळ तीस किलोमीटर दूर. भाऊ वांचला, पाय गेला. हें त्यानें तक्रारीच्या सुरांत सांगितलें नाहीं. त्याला फक्त एक शंका विचारावयाची होती. "सर, ते पन्नास खाटांचं काय म्हणत होता? रात्री दोन वाजता माणूस घेऊन गेलो, तर आधी खाटा मोजायच्या का?"

आमच्याजवळ बेव्हन होता, क्रोनिन होता, उत्तर नव्हतें. घरीं जातांना उमगलें कीं, आमचा दाखलाच लंगडा आहे. विलायतेंतल्या हमीनें डॉक्टर कोणाचा नोकर असावा एवढेंच ठरविलें. तिच्यामुळें एकहि रोगी सेवेबाहेर पडला नाहीं. राजस्थानच्या समेटांत दारच वगळलें गेलें. सरकारनें डॉक्टरला नोकर करूं नये, त्याचे पैसे वेळेवर द्यावेत, हें आम्ही अजूनहि म्हणतों. पण पूर्वीं जेथें पूर्णविराम देत होतों, तेथें आतां अडखळतों.

त्या संध्याकाळीं आम्ही आमच्या डॉक्टर स्नेह्यांकडे गेलों आणि, रात्रीं आलेल्या रोग्याकडून तुम्ही अनामत घेतां काय, असें विचारलें. ते सज्जन आहेत. त्यांनीं खोटें सांगितलें नाहीं.

"ओळखीच्या माणसांकडून घेत नाही," ते म्हणाले.

आमच्या वडिलांकडूनहि त्या सायकलवरच्या डॉक्टरांनीं कधीं घेतली नव्हती.