कुठलं बटण कुठल्या बोटाला

कुठलाही ऑनलाईन गेम इन्स्टॉल केला की सेटिंग्जमध्ये एक पान असतं, 'कीबोर्ड आणि माऊस' नावाचं. ग्राफिक्सच्या पानावर आपण तासभर घालवतो, शॅडो कमी कर, टेक्स्चर वाढव, एफपीएस बघ... आणि या पानाकडे मात्र ढुंकूनही बघत नाही. कुणीतरी ठरवलंय, डब्ल्यू म्हणजे पुढे, एस म्हणजे मागे, आर म्हणजे रीलोड. आपण म्हणतो, बरं बाबा. पण मंडळी, माझं आता ठाम मत झालंय की नेम सुधारायचा असेल तर सगळ्यात आधी हेच पान उघडावं. ग्राफिक्स कार्डाला पैसे पडतात, हे फुकट आहे. (आम्हा आयटीवाल्यांचं 'फुकट' या शब्दावर जरा जास्तच प्रेम :) )

मुळात ज्याला आपण 'डिफॉल्ट' म्हणतो तेसुद्धा कधीकाळी कुणाचं तरी कस्टमायझेशनच होतं. १९९६ साली 'क्वेक' आला तेव्हा चालायचं ते बाणांच्या बटणांनी. माऊसने इकडेतिकडे बघायची सोय होती, पण ती मुद्दाम चालू करावी लागायची. मग डेनिस फाँग नावाचा अमेरिकन पोरगा, खेळातलं नाव थ्रेश, डाव्या हाताला डब्ल्यू-ए-एस-डी आणि उजव्या हाताला माऊस घेऊन सगळ्यांना धूळ चारू लागला. १९९७ च्या स्पर्धेत त्याने क्वेकचा कर्ता जॉन कारमॅक याची स्वतःची फेरारी जिंकली. फेरारी! ही मांडणी त्याने एकट्याने शोधली असं नाही, पण ती पसरली मुख्यतः त्याच्यामुळे. १९९८ च्या 'हाफ-लाईफ'मध्ये ती आधीपासून सेट करूनच आली, आणि आज ती आपल्याला देवाने दिल्यासारखी वाटते.

ती देवाने दिलेली नाही हे मला नीट कळलं ते माझ्या मावसभावामुळे. तो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. शाळेत असताना सुट्टीत भोसरीला मावशीकडे गेलो की आम्ही दोघं सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राईक १.६ खेळायचो. माझा नेम कधीच धड नव्हता, दादाचा मात्र जबरी. समोरचा कोपऱ्यातून बाहेर यायच्या आत आडवा. पुढे मी इंजिनियरिंगला गेलो, दादाने आयटीआय केलं आणि एका वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर लागला.

२०२२ च्या पावसाळ्यात त्या प्रेसमध्ये त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. तर्जनी आणि मधलं.

इथे थोडं थांबून प्रेसबद्दल सांगतो, कारण विषय तोच आहे. चांगल्या प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच वरचा भाग खाली येतो. दोन्ही हात बटणांवर, म्हणजे दोन्ही हात डायच्या बाहेर. किती साधी आणि हुशार कल्पना! पण अशाने प्रत्येक पीसला दोन सेकंद जास्त जातात. म्हणून दादाच्या शॉपमध्ये ती बटणं बाजूला काढून पायाचं पेडल जोडलं होतं. एका हाताने पत्रा सरकवायचा, पायाने पेडल दाबायचं, प्रॉडक्शन वाढतं. म्हणजे तिथेही कुणीतरी की-बाइंडिंग बदललंच होतं. फक्त ज्याचा हात त्या डायखाली जाणार होता, त्याला कुणी विचारलं नव्हतं.

भरपाईचं प्रकरण सुरू झालं तेव्हा तेव्हाच्या कायद्याचा तक्ता मी वाचला. कर्मचारी भरपाई कायदा, १९२३. त्यात कुठला अवयव गेला तर कमावण्याची क्षमता किती टक्के गेली हे लिहिलेलं होतं. एका हाताची दोन बोटं : २० टक्के. मावशीने विचारलं, "वीस टक्के म्हणजे काय रे?" मला काही सांगता आलं नाही. दादा बोलायचाच नाही. डावा हात सतत खिशात. लग्नकार्यात फोटोला उभा राहिला तरी हात पाठीमागे.

२०२३ च्या दिवाळीत मी त्याच्याकडे राहायला गेलो होतो. काउंटर-स्ट्राईक २ नुकताच आला होता, माझ्या लॅपटॉपवर होता. मी खेळत होतो आणि दादा मागे बसून बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "अरे, कोपऱ्यावर आधीच नेम धरून ठेव ना! माणूस दिसल्यावर माऊस कुठे हलवतोस?" मी काही न बोलता खुर्ची सोडली. तो बसला, डावा हात खिशातून काढला, कीबोर्डवर ठेवला आणि नुसता बघत राहिला. डब्ल्यू मधल्या बोटाचं, डी तर्जनीचं. दोन्ही बटणं होती, दाबणारं कुणी नव्हतं.

मग पाडव्याचा अख्खा दिवस आम्ही ते सेटिंग्जचं पान उघडून बसलो.

पहिल्यांदा 'पुढे जा' हे काम माऊसच्या बाजूच्या बटणाला देऊन पाहिलं, उजव्या अंगठ्याखाली. चालायला झकास, पण नेम हलायचा. कारण सरळ आहे. पुढे जायचं बटण सतत दाबून धरावं लागतं, अंगठा दाबला की माऊसवरची पकड आवळते आणि पकड आवळली की निशाणा सरकतो. ते बाद.

तेव्हा दादाने वही घेतली आणि दोन रकाने केले. एकात 'एकाच वेळी लागणारी कामं', दुसऱ्यात 'एकाच वेळी कधीच न लागणारी कामं'. पुढे आणि मागे एकाच वेळी कुणी जात नाही, म्हणून ती दोन्ही एकाच बोटाला : अनामिका, डब्ल्यू आणि एस. मग वाटलं डावी-उजवीकडेही तसंच करता येईल. दादा म्हणाला, "नाही, इथे नाही जमणार." आणि तो बरोबर होता. या खेळात पळता पळता गोळी मारली तर ती कुठेही जाते. नेमकी मारायची तर थांबावं लागतं, आणि झटकन थांबायचा उपाय म्हणजे डावीकडे जात असाल तर डावं बटण सोडून क्षणभर उजवं दाबायचं. याला काउंटर-स्ट्रेफ म्हणतात. एकच बोट दोन्हीकडे धावू लागलं तर मध्ये उशीर होतो आणि तेवढ्यात समोरचा आपल्याला टिपतो. म्हणून डावं-उजवं वेगवेगळ्या बोटांनाच हवं. डावीकडे ए, करंगळीला. उजवीकडे जायला थेट स्पेसबार, अंगठ्याला.

मग उडी कुठे? माऊसचं चाक खाली फिरवलं की उडी. हे बरेच धडधाकट खेळाडूही करतात. खाली बसणं कंट्रोलवरच राहिलं, कारण बसून मारताना माणूस बहुधा जागेवर असतो आणि करंगळी मोकळी असते. आवाज न करता हळू चालणं माऊसच्या बाजूच्या बटणाला, कारण ते अधूनमधूनच लागतं आणि तेव्हा नेम जरा हलला तरी फार बिघडत नाही. रीलोड चाकाच्या क्लिकवर. कीबोर्ड थोडा तिरका केला, तेव्हा कुठे मनगट सरळ झालं.

इंजिनियर असून मी मनात म्हटलं, अरे हे तर शेड्युलिंग झालं! पाच जणांचं काम तिघांत वाटायचंय, आणि एकाला एका वेळी एकच काम. आम्ही ऑफिसात यावर मीटिंगा घेतो, दादाने दोन रकान्यांत उरकलं.

मग वळलो माऊसकडे. इथे माझं गणित कामाला आलं. या खेळात सेन्सिटिव्हिटी १ असताना माऊसचा एक काउंट म्हणजे ०.०२२ अंश. माझ्या लॅपटॉपवर डीपीआय १६०० आणि सेन्सिटिव्हिटी २.५ होती. हिशोब केला तर माऊस जेमतेम साडेदहा सेंटीमीटर सरकवला की पूर्ण गिरकी. म्हणजे हात एक मिलिमीटर थरथरला तर निशाणा साडेतीन अंश पळतो! लांबच्या माणसाचं डोकं त्यातला एक अंशही व्यापत नाही. आम्ही डीपीआय ८०० आणि सेन्सिटिव्हिटी १ केली. आता गिरकीला ५२ सेंटीमीटर लागतात आणि एका मिलिमीटरला ०.७ अंश. त्यासाठी मावशीचा जुना टेबलक्लॉथ दुमडून मोठं माऊसपॅड केलं, हे वेगळं सांगायला नको.

ज्यांना थिअरी आवडते त्यांच्यासाठी : पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली एक नियम मांडला. एखाद्या लक्ष्यापर्यंत हात न्यायला किती वेळ लागेल हे लक्ष्याचं अंतर आणि लक्ष्याची रुंदी यांच्या गुणोत्तरावर ठरतं. अंतर दुप्पट आणि लक्ष्यही दुप्पट, तर वेळ तोच. गंमत म्हणजे सेन्सिटिव्हिटी कमी केली की हाताच्या हिशोबाने अंतर वाढतं आणि लक्ष्यही तेवढंच मोठं होतं. गुणोत्तर जिथल्या तिथे! मग फायदा कसा होतो? कारण त्या सूत्रात हाताची थरथर वेगळी धरलेली नाही. फार छोट्या हालचालीत थरथरच लक्ष्यापेक्षा मोठी होऊन बसते. आणि दादा जे म्हणत होता, कोपऱ्यावर आधीच डोक्याच्या उंचीवर नेम धरून ठेव, ते म्हणजे अंतरच कमी करून टाकणं. फिट्सचं नाव न ऐकता तो भोसरीच्या कॅफेत ते शिकला होता.

अजून एक. विंडोजमध्ये 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' नावाची टिकमार्क असते. नाव भारी, पण ती चालू असली की माऊस हळू हलवला तर पॉइंटर कमी जातो आणि वेगात हलवला तर त्याच अंतराला जास्त जातो. हाताला मग सवय लागणार कशाची? काउंटर-स्ट्राईक २ माऊसचा डेटा थेट घेतो, तिथे फरक पडत नाही. पण बऱ्याच जुन्या खेळांत पडतो, तेव्हा ती काढून टाका.

दादा रोज रात्री जेवण झालं की सरावाच्या मॅपवर शंभर बॉट मारायचा आणि लागलेला वेळ वहीत लिहायचा. पहिल्या आठवड्यात चार मिनिटांच्या वर. होळीपर्यंत दोनच्या आत.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये एक दिवस त्याचा घाबऱ्या आवाजात फोन. "अरे, ते बाइंड बंद करतायत म्हणे. माझं पण जाणार का?" झालं असं होतं की काही नव्या कीबोर्डांत एक सोय आली होती : डावं बटण न सोडता उजवं दाबलं की कीबोर्ड स्वतःच डावं सोडून देतो. काउंटर-स्ट्रेफ फुकटात. व्हॉल्व्ह कंपनीने त्याच्यावर बंदी आणली, आणि एका बटणात हालचालीच्या किंवा हल्ल्याच्या एकाहून जास्त क्रिया कोंबणारे बाइंडही बंद केले. मी त्याला म्हटलं, "दादा, तुझं एक बटण म्हणजे एकच काम. तुझ्याऐवजी कीबोर्ड काहीच करत नाही. तुझं कुणी काढत नाही." मला ती सीमारेषा पटते. बटणाची जागा बदलणं ही सोय, बटणाने आपल्या वाटणीचं काम करणं ही लबाडी. पण दादाच्या आवाजातली ती भीती अजून लक्षात आहे. ज्याच्या हातातून एकदा काहीतरी गेलंय, त्याला दुसरंही जाईल असंच वाटतं.

सगळ्याच खेळांत बटणं हलवायची मुभा सारखी नसते. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये जखमी साथीदाराला बरं करायचं तर आधी त्याच्यावर क्लिक आणि मग मंत्राचं बटण. पण माऊसओव्हर मॅक्रो लिहिला की नुसता पॉइंटर त्याच्या नावावर नेऊन बटण दाबलं तरी चालतं, एक क्लिक वाचतो. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने मुद्दाम अपंग खेळाडूंसाठी एक्सबॉक्सचा अडॅप्टिव्ह कंट्रोलर काढला, त्याला पायाची, कोपराची, हवी ती बटणं जोडता येतात. २०२० च्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'मध्ये अशा सोयींच्या साठाहून जास्त सेटिंग्ज होत्या. आणि दुसरीकडे आजही असे गेम निघतात ज्यात बटणं बदलताच येत नाहीत. कुणीतरी मीटिंगमध्ये म्हटलेलं असतं, 'कोण बदलतं ते? पुढच्या रिलीजला बघू.' मीही अशा मीटिंगांत बसतो. आता तो मुद्दा यादीतून कुणी खोडायला लागलं की मी हात वर करतो. कधी ऐकतात, कधी नाही.

दादा सध्या एका टूलरूममध्ये सीएनसीचे प्रोग्रॅम लिहितो. तिथल्या कॉम्प्युटरवर त्याने कॅप्स लॉकचं कंट्रोल करून घेतलंय, करंगळीला जवळ पडतं म्हणून. आता ऑफिसातल्या बाकीच्यांना त्या कॉम्प्युटरवर टाईप करता येत नाही, आणि याचा त्याला फार आनंद आहे. डावा हात अजूनही कधीकधी खिशात जातो. भरपाईचा शेवटचा हप्ता अडकलेलाच आहे. वीस टक्के म्हणजे काय, हे मावशीला मी अजून सांगू शकलेलो नाही.

असो. रविवार आहे, ते पान उघडा. दोन रकाने करा : एकाच वेळी लागणारी कामं आणि कधीच एकत्र न लागणारी. जे बटण दाबताना बोट ताणलं जातं ते हलवा. एका वेळी एकच बदल करा आणि आठवडाभर तसंच खेळा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. आणि रात्री दहानंतर एखादा खेळाडू कोपऱ्यावर आधीच नेम धरून बसलेला भेटला, तर तो आमचा दादा असू शकतो. तुम्ही मेलात म्हणून समजा.