स्पितीच्या वरच्या अंगाने

हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्यात हमरस्ता नदीच्या काठाने जातो. काझा हे मुख्य ठिकाण नदीकाठी, पेट्रोलपंप तिथे, बहुतेक हॉटेलंही तिथेच. जुनी गावं मात्र बरीचशी वरच्या अंगाला आहेत. लांगझा, हिक्कीम, कोमिक, देमुल, किब्बर ही सगळी नदीच्या पात्रापासून पाचशे-सहाशे मीटर, कुठे कुठे त्याहूनही उंच, डोंगराच्या कुशीतल्या पठारांवर वसलेली. या गावांना जोडणाऱ्या कच्च्या वाटा सायकलने करायच्या, असं मी आणि माझा मावसभाऊ बरीच वर्षं घोकत होतो. ऑगस्टच्या अखेरीस, मटार निघत आलेला आणि जव पिवळं पडायला लागलेलं असताना, तो योग आला.

मी मूळची माण तालुक्यातली. आमच्या सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वर, जिथे वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. दुसऱ्या टोकाला माण, जिथे ५०० मिलिमीटर पडला तरी लोक वर्ष बरं गेलं म्हणतात. पर्जन्यछाया म्हणजे काय, हे आम्हाला भूगोलाच्या पुस्तकाआधी विहिरीच्या तळाने शिकवलं. स्पितीसुद्धा पर्जन्यछायेतच आहे. पावसाळी ढग दक्षिणेकडच्या हिमरांगांवर रिते होतात आणि पलीकडे पोचेपर्यंत त्यांच्यात फारसं काही उरत नाही. शेतीचा सगळा भरवसा हिवाळ्यात पडणाऱ्या बर्फावर. त्यामुळे तिथे पोचल्यापासून माझी नजर आपसूक पाणी शोधत राहिली, आणि स्पिती मला समजली ती त्या पाण्यामुळेच.

आमच्या दोघांच्या सायकली ग्रॅव्हल प्रकारातल्या. हँडल रोडबाईकसारखं खाली वळलेलं, पण टायर ४५ मिलिमीटर रुंद, ट्यूबलेस, डिस्क ब्रेक आणि चढासाठी अगदी हलके गिअर. सामान कॅरिअरवर न लादता पिशव्यांत भरून फ्रेमला आणि हँडलला बांधायचं, म्हणजे खडबडीत वाटेवर तोल राहतो. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांमधून जे मुरमाचे रस्ते जातात, तिथे आम्ही सराव केला होता. पण सह्याद्रीचं ते पठार फार तर १,१००-१,२०० मीटर उंच. स्पितीत त्याच्या जवळजवळ चौपट उंचीवर पायडल मारायचं होतं.

म्हणून आम्ही सिमल्याहून किन्नौरमार्गे गेलो. मनालीकडून अटल बोगद्यातून आलं, तर एका दिवसात कुंझुम खिंडीत म्हणजे सुमारे ४,५५० मीटरवर पोचता येतं. मोटारीला ते जमतं, शरीराला नाही. किन्नौरच्या बाजूने उंची पायरीपायरीने वाढते. रामपूर, कल्पा, मग सतलज आणि स्पिती नद्यांचा संगम जिथे होतो ते खाब, तिथून नागमोडी वळणांनी ३,६०० मीटरवरचं नाको. कल्प्यापर्यंत देवदार आणि सफरचंदाच्या बागा, खाबच्या पुढे नुसता उघडा डोंगर. हा बदल इतका ठळक आहे की पाऊस कुठे थांबतो ती रेघ सायकलवरून ओलांडताना डोळ्यांनी दिसते.

नाकोच्या पुढे लागणारा ताबोचा मठ या कोरड्या हवेनेच जपला आहे. इसवी सन ९९६ मध्ये बांधलेला हा मठ मातीचा. बाहेरून कसलाही डामडौल नाही. मळकट, जाड, किंचित आत झुकलेल्या भिंती. आत शिरल्यावर अंधाराला डोळे सरावले की भिंतींवरून बोधिसत्त्व उमटू लागतात आणि चहूबाजूंना मातीच्या मूर्ती दिसतात. १९७५ च्या जानेवारीतल्या किन्नौरच्या भूकंपाने या मठाला तडे दिले, तरी तो उभा आहे. कोकणात मातीची भिंत चार पावसाळे आडोशाशिवाय काढणार नाही. इथे ती हजार वर्षांची झाली, कारण पाऊस नाही. पाण्याचं हे दुर्भिक्ष शेतकऱ्याला जाचतं आणि त्याच्याच जोरावर हा ठेवा टिकतो, हे दोन्ही एकाच खोऱ्यात पाहायला मिळतं.

काझ्यात अंग रुळेपर्यंत थांबून आम्ही लांगझाच्या चढाला लागलो. काझा सुमारे ३,७०० मीटरवर, लांगझा ४,४०० मीटरवर. या वाटेचा काही भाग आता डांबरी झाला आहे, उरलेला खडीचा. समुद्रसपाटीवर एका श्वासात जितका प्राणवायू मिळतो, त्याच्या साठेक टक्केच इथे मिळतो. त्यामुळे चढाची रीतच बदलावी लागते. सर्वांत हलका गिअर टाकायचा, खांदे सैल सोडायचे, श्वास पोटातून घ्यायचा आणि पुढच्या वळणाकडे बघायचंच नाही. उभं राहून दोन-चार पायडल जोरात मारली की छाती भरून येते आणि नंतर पाच मिनिटं वाया जातात. आमचा वेग ताशी पाच-सहा किलोमीटरच्या वर गेला नाही. त्या वेगात वाटेकडेचा प्रत्येक दगड दिसतो. तासभर फक्त तांबूस-राखाडी माती, सुकी काटेरी झुडपं, खाली खोल गेलेली नदीची चंदेरी दोरी. नदी दिसते आहे आणि तिच्या पाण्याचा थेंबही इथे पोचत नाही, हे दर वळणाला जाणवत राहतं.

मग एका वळणावर अचानक हिरवं दिसलं. मटाराची आणि जवाची वावरं, त्यांच्या वरच्या अंगाला पांढरी घरं, आणि त्याही वर ६,३०३ मीटर उंचीचं चाउ चाउ कांग निल्दा हे हिमशिखर. लांगझा गाव या शिखराच्या पायथ्याशी का आहे, हे तिथे उभं राहिलं की सांगावं लागत नाही. बर्फ वितळून जो ओहोळ येतो, त्याच्या दोन्ही हातांना जेवढं रान भिजतं तेवढंच गाव. त्या पलीकडे एक काडी उगवत नाही.

ज्या घरी उतरलो त्या घरच्या मालकीण, आमा, संध्याकाळी फावडं घेऊन निघाल्या, तेव्हा मीही मागोमाग गेले. ओहोळाच्या उगमाजवळून काढलेला पाट डोंगराच्या अंगाने उतार धरत येतो आणि गावाच्या वर एका तळ्यात पडतो. रात्रभर तळं भरतं, सकाळी सुटतं. या पाटाला तिकडे कूल म्हणतात. आमांच्या शेताच्या तोंडाशी एक चपटा दगड उभा लावला होता आणि त्याच्या कडेने गवतासकट खणून काढलेली मातीची ढेकळं थापली होती. त्यांनी दोन ढेकळं उचलली, दगड किंचित कलता केला. पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत शिरलं. जिथून पाझरत होतं तिथे त्यांनी टाचेने माती दाबली. माझे वडील असंच दारं धरायचे, तशीच टाच दाबायचे. मी फावडं मागितलं तर आधी त्यांनी नीट बघून घेतलं की मला ते धरता येतं का. मग दिलं.

कुठल्या घराला पाणी कधी, हे ठरलेलं असतं. पाळी मोडत नाही. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत गावानेच पाणी वाटून घेण्याची जी शिस्त आहे, तिच्याच जातीची ही शिस्त. मी मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, एवढी मोठी नदी खाली वाहते, तिचा काही उपयोग होत नाही का? आमा म्हणाल्या, "ती खालच्यांची. आमचं वरून येतं." मग शिखराकडे हात करून त्यांनी सांगितलं की पूर्वी दारापर्यंत बर्फ साचायचं, आता काही हिवाळे कोरडेच जातात; ज्या वर्षी बर्फ कमी, त्या वर्षी मटार कमी. मटार हे इथलं रोख पैशाचं पीक. मैदानी भागातला हंगाम संपलेला असतो तेव्हा स्पितीचा गोड मटार बाजारात जातो आणि त्या पैशावर मुलांची शिक्षणं होतात.

लांगझाभोवतीच्या शेल या काळ्या खडकात अमोनाइटचे जीवाश्म सापडतात. हातात घेतला की शंखासारखी गुंडाळी आणि तिच्यावरच्या बारीक कडा बोटाला लागतात. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी इथे टेथिस समुद्र होता. भारतीय भूखंड उत्तरेला सरकत आशियावर आदळला, तसा त्या समुद्राचा तळ उचलला जाऊन एवढ्या उंचीवर आला. आपल्या देवघरातला शाळिग्राम नेपाळातल्या काली गंडकीतून येतो, तोही असाच अमोनाइट. हे जीव पृथ्वीवरून नाहीसे झाले ते सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, आणि त्याच सुमारास आपल्याकडे लाव्हा वाहून दख्खनचा काळा दगड तयार होत होता. ज्या दगडात माझ्या गावच्या विहिरी खोदल्या आहेत, तो हाच. एक मुलगा असे तुकडे विकायला घेऊन आला. आम्ही त्याच्याशी गप्पा मारल्या, त्याला सायकल चालवायला दिली, पण तुकडा घेतला नाही. डोंगर असा खिशाखिशातून खाली गेला तर पुढच्यांना दाखवायला काय उरेल?

लांगझाहून आम्ही हिक्कीमला गेलो. तिथे १९८३ पासून चालू असलेलं टपाल कार्यालय आहे, सुमारे ४,४०० मीटरवर. तिथून मी आईला पत्र टाकलं. पुढे कोमिक, ४,५८७ मीटरवर, साक्य पंथाच्या तांग्युद मठाचं गाव. इथपर्यंत टॅक्स्या येतात. काझ्याहून सकाळी निघून तिन्ही गावं पाहायची, फोटो काढायचे आणि जेवायला खाली परतायचं, असा बहुतेकांचा बेत असतो.

कोमिकच्या पुढे देमुलकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेला लागलो आणि गाड्यांचा आवाज मागे पडला. या प्रवासातलं सर्वांत सुंदर सायकलिंग या पठारावर झालं. आम्ही टायरमधली हवा कमी करून घेतली, म्हणजे टायर दगडावर उसळत नाही, त्याला कवेत घेतो. वाट कधी पाटीच्या तुकड्यांसारख्या चपट्या शेलची, कधी मऊ मातीची, कधी गाड्यांच्या चाकांनी आडवे वरंबे पडलेली. वरंब्यांवर हाताचे सांधे खिळखिळे होतात. तिथे कडेची पट्टी धरून जायचं. उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही, वजन मागे न्यायचं आणि चाकाला आपली वाट शोधू द्यायची. दुतर्फा आखूड, कोरडं गवत, त्यात चरणारे याक, आणि एकदा उतारावर थांबून आमच्याकडे बघणारा भरल या रानमेंढ्यांचा कळप. दुपारनंतर वारा सुटतो तो समोरून ढकलतो. मावसभाऊ म्हणाला, "ताई, तू माझ्या मागे राहा, वारा मी घेतो." मग आलटून पालटून पुढे राहत आम्ही देमुल गाठलं.

देमुलमध्ये पाहुण्यांना ठेवून घेण्याचीही पाळी लावलेली आहे. कुणाच्या दारात गाडी थांबली त्याला गिऱ्हाईक, असं तिथे नाही. ज्या घराचा नंबर असेल त्या घरी पाहुणा उतरतो, म्हणजे मिळकत सगळ्या गावात फिरते. पाणी वाटून घेण्याची ज्यांना पिढ्यान् पिढ्यांची सवय आहे, त्यांनी पर्यटनही त्याच रीतीने वाटून घेतलं. रात्री चुलीभोवती बसून आम्ही गरम थुक्पा आणि लोण्याचा खारट चहा घेतला. शौचालय कोरडं होतं: वर खोली, खाली खड्डा, कोपऱ्यात माती आणि राखेचा ढीग. फावडंभर माती टाकायची, बस. साठलेलं खत पुढच्या हंगामात शेतात जातं. पाण्याचा एक थेंब लागत नाही आणि ज्या खडकाळ मातीला खताची सर्वांत जास्त गरज, तिला ते मिळतं. इतकी शहाणी व्यवस्था मी शहरात कुठेही पाहिलेली नाही.

देमुलहून उतरून हमरस्त्याने आम्ही ढंखरच्या मठात गेलो. ढंखर ही स्पितीची जुनी राजधानी मातीच्या सुळक्यांवर उभी आहे. २००६ साली वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने तिथल्या मठाला जगातल्या धोक्यात आलेल्या १०० वास्तूंच्या यादीत घेतलं होतं. ताबोला कोरडेपणाने जपलं, ढंखरची माती ढासळते आहे. अवेळी जोराचा पाऊस झाला की सपाट मातीची छतं गळतात, असं तिथल्या लोकांनी सांगितलं. बर्फ हवं तेव्हा कमी आणि पाऊस नको तेव्हा जास्त, अशा कात्रीत ही गावं सापडली आहेत.

म्हणून तिकडे जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. सायकल असो वा गाडी, किन्नौरच्या बाजूने सावकाश या. काझ्यात राहून वरची गावं अर्ध्या दिवसात उरकू नका. मुक्काम वर करा, म्हणजे पैसा ज्या घरात पाणी मोजून वापरतात त्या घरात जाईल. अंघोळीसाठी आणि फ्लशसाठी हट्ट धरू नका, कारण ते पाणी कुणाच्या तरी मटाराच्या पाळीतलं असतं. प्लास्टिकच्या बाटल्या नेऊ नका, पाणी गावात भरून घ्या. अमोनाइट जिथल्या तिथे राहू द्या. चाक मळलेल्या वाटेवरच ठेवा, कारण त्या उंचीवरचं उखडलेलं गवत पुन्हा धरायला वर्षं लागतात आणि तेच तिथल्या गुरांचं पोट आहे. आणि गावात पोचल्यावर पहिला प्रश्न हा विचारा की तुमचं पाणी कुठून येतं. लोक हातातलं काम टाकून तुम्हाला तो पाट दाखवायला घेऊन जातील.