मागच्या एक्सलचा हिशेब

जुन्या मसल कारचा विषय निघाला की सगळे इंजिनाबद्दल बोलतात. बॉनेट उघडतात, किती क्युबिक इंच, कार्ब्युरेटर दोन बॅरलचा की चार बॅरलचा, हे सांगतात. गाडीखाली सहसा कोणी वाकत नाही. माझं मत मात्र पक्कं आहे : गाडीला ताकद इंजिन देतं, पण ती ताकद रस्त्यावर कशी उतरणार हे मागचा एक्सल ठरवतो. सिग्नलवरून ती कशी उठेल, हमरस्त्यावर तासभर चालवल्यावर कान शाबूत राहतील की नाही, पावसात वळताना ती विश्वासाने वागेल की नाही, यातलं बरंच काही त्या लोखंडी गोळ्यात ठरून गेलेलं असतं.

१९६७ची फोर्ड मस्टँग घ्या. २८९ क्युबिक इंचांचं २०० अश्वशक्तीचं व्ही-आठ इंजिन असेल, तर मागे आठ इंची डिफरन्शिअल. ३९०चं, ३२० अश्वशक्तीचं मोठं इंजिन असेल, तर नऊ इंची. हे आठ-नऊ म्हणजे क्राउन व्हीलचा व्यास. गाडी तीच, पण कोणत्या इंजिनामागे काय लागेल हे कारखान्याला नीट ठाऊक होतं. पुढच्या पन्नास वर्षांत मालकांनी इंजिनं बदलली, वाढवली. मागचं मात्र बऱ्याच गाड्यांत जसंच्या तसं राहिलं.

डेट्रॉईटच्या उपनगरात मी ज्या गल्लीत राहतो, तिथल्या एका शेजाऱ्याच्या मस्टँगचं असंच झालं होतं. २८९ काढून ३५१ विंडसर बसवलेलं, गिअरबॉक्स फोर्डचा चार गतींचा टॉपलोडर, आणि मागे मूळची आठ इंची, ३.०० रेशोची. त्यांना थेट ४.११ हवा होता. दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते, तिथे कोणाच्या तरी तोंडून त्यांनी हा आकडा ऐकला होता. १९६०च्या दशकात याच रस्त्यावर पोरं रात्री शर्यती लावत. तिथे मोठ्या आकड्याचा मान अजून टिकून आहे.

मी त्यांना कागदावर हिशेब मांडून दाखवला, कारण या कामात वाद मिटवायला हिशेबासारखं दुसरं काही नाही. रेशो म्हणजे चाक एकदा फिरायला प्रॉपेलर शाफ्टने किती वेळा फिरायचं. ताशी मैलांना रेशोने गुणा, मग ३३६ने गुणा, आणि टायरच्या इंचातल्या व्यासाने भागा. वरच्या सरळ गिअरमध्ये इंजिनाचे मिनिटाचे फेरे मिळतात. त्यांच्या टायरचा व्यास साधारण २६ इंच. ताशी ७० मैलांना, म्हणजे इथल्या हमरस्त्याच्या नेहमीच्या वेगाला, ३.०० वर इंजिन सुमारे २,७०० फेरे घेतं. ३.५० वर ३,१५० च्या थोडं वर. ४.११ वर ३,७००च्या पुढे. पाव मैलाच्या शर्यतीत ३,७०० फेरे काहीच नाहीत. पण पत्नीला शेजारी बसवून उत्तर मिशिगनमधल्या तळ्यांकडे निघालात, तर तोच आवाज चार तास सोसावा लागतो.

आता दुसरी बाजू. टॉपलोडरचा पहिला गिअर २.७८चा. त्याला ३.०० ने गुणलं की ८.३४, ३.५० ने गुणलं की ९.७३. म्हणजे थांबलेली गाडी उठवताना चाकावर येणारा जोर सहाव्या हिश्शाने वाढला, आणि इंजिनाला हातही लावावा लागला नाही. मस्टँगसारख्या दीड टनाच्या आसपासच्या गाडीला हा फरक पहिल्या सिग्नललाच जाणवतो.

पाच गतींचा ओव्हरड्राइव्हवाला गिअरबॉक्स असता तर? पाचवा गिअर ०.६८चा धरला तर ४.११ सुद्धा हमरस्त्यावर २.७९ सारखा वागतो. पण अशा काही गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.३५चा असतो. गुणाकार जातो १३.७७ वर. चौक ओलांडेपर्यंत पहिला गिअर संपलेला असतो. म्हणून तिथेही मी ३.५० ते ३.७०च्या आसपासच थांबेन. नुसता रेशो कधीच चांगला किंवा वाईट नसतो. टायर, गिअरबॉक्स आणि मालक प्रत्यक्षात कुठल्या रस्त्यावर गाडी चालवतो, हे तिन्ही समोर ठेवल्याशिवाय तो ठरवू नये.

रेशो ठरला ३.५०. मजबुतीचा प्रश्न वेगळा, आणि लोक हे दोन प्रश्न नेहमी एकत्र कालवतात. ३५१ इंजिन आणि चिकट टायर यांच्यापुढे आठ इंचीचे दात आणि तिचे २८ स्प्लाइनचे, म्हणजे टोकाला २८ खाचा असलेले, एक्सल फार काळ टिकणार नव्हते. म्हणून नऊ इंची.

फोर्डच्या या नऊ इंचीबद्दल मला मनापासून आदर आहे. १९५७मध्ये ती आली आणि १९८६पर्यंत फोर्डच्या गाड्यांत बसत राहिली. तिच्या पिनियनला, म्हणजे क्राउन व्हील फिरवणाऱ्या छोट्या गिअरला, पुढे दोन बेअरिंग आहेतच, पण दातांच्या पलीकडच्या टोकालाही तिसरं बेअरिंग आहे. जनरल मोटर्सच्या नावाजलेल्या बारा बोल्टच्या एक्सलमध्ये पिनियनचं टोक मोकळं असतं. जोराखाली ते क्राउनपासून दूर ढकललं जाऊ पाहतं. नऊ इंचीत त्याला दोन्हीकडून धरलेलं असतं. शिवाय सगळा गाभा पुढून, एकसंध, बाहेर काढता येतो. टेबलावर उजेडात काम करता येतं, गाडीखाली उताणं पडून नाही. २०२२मध्ये नवी गाडी येईपर्यंत नॅस्कारच्या वरच्या गटात शेव्हरोले आणि टोयोटासुद्धा याच घडणीचा एक्सल वापरत होत्या. प्रतिस्पर्ध्याने घरात घेतलेली वस्तू, यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक कुठलं?

तिची एक किंमतही आहे. पिनियन क्राउनच्या मध्यरेषेपासून तब्बल सव्वादोन इंच खाली बसतो. दात एकमेकांत जास्त शिरतात म्हणून ताकद येते, पण ते जास्त घासतातही. थोडी शक्ती उष्णतेत जाते. म्हणून मोजून-मापून शर्यत खेळणारे काही जण दुसरे एक्सल पसंत करतात. रस्त्यावरच्या गाडीत मी हा सौदा आनंदाने स्वीकारतो.

पूर्वी भंगारातून लिंकन व्हर्साय या गाडीचा नऊ इंची एक्सल शोधत. रुंदी मस्टँगला जवळपास जुळणारी आणि डिस्क ब्रेक आयते. आता त्या गाड्या भंगारातही दिसत नाहीत. करी, मोझर असे कारखाने मापाप्रमाणे नवं हाउसिंग बनवून देतात. मस्टँगचं माप पाठवलं की स्प्रिंगच्या बैठकांसकट येतं. एक्सल ३१ स्प्लाइनचे घेतले. प्रॉपेलर शाफ्ट मात्र पुन्हा मापून कापावा लागतो, कारण नऊ इंचीचं नाक लांब. मोजमाप गाडी स्वतःच्या वजनावर बसलेली असतानाच घ्यायचं.

मग येतं माझं आवडतं काम, क्राउन-पिनियनची जुळणी. ही जोडी कारखान्यात एकमेकांवर घासूनच जमवलेली असते. एकातला क्राउन आणि दुसऱ्यातला पिनियन घेऊन चालत नाही. हे मी पुण्यात ट्रकच्या गॅरेजमध्ये शिकलो. तिथे दातांना शेंदूर आणि तेल कालवून लावत, इथे पिवळी पेस्ट मिळते, पाहायचं तेच. आधी पिनियनच्या बेअरिंगचा ताण इंच-पौंडात मोजायचा. मग दोन्ही बाजूंच्या नटांनी क्राउन सरकवत बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, साधायचा, आठ ते बारा थाऊच्या मध्ये. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पुणे असो की मिशिगन, शॉपमध्ये भाषा तीच.

मग रंग लावून, क्राउनला हाताने थोडा रोध देत पिनियन फिरवायचा आणि दातावर उमटलेला ठसा वाचायचा. ठसा दाताच्या मुळाकडे सरकला असेल, तर पिनियन फार आत आहे. नऊ इंचीत पिनियनच्या बैठकीखाली जाड शिम, म्हणजे पत्र्याची चकती, घातली की तो बाहेर येतो. इतर बऱ्याच एक्सलमध्ये जाड शिम त्याला आत ढकलते. दुसऱ्या गाड्यांवर हात बसलेला माणूस इथे उलट्या दिशेला जाऊ शकतो. तीन-चार थाऊची शिम बदलायची, सगळं पुन्हा आवळायचं, बॅकलॅश पुन्हा साधायचा, पुन्हा रंग. ठसा दाताच्या मध्यावर, टोकांपासून आणि कडांपासून सुटा, असा उमटेपर्यंत. घाई केली तर गाडी ताशी पन्नास-पंचावन्न मैलांवर रडायला लागते, आणि ते रडणं तेल बदलून थांबत नाही.

३.५०च्या जोडीत ३५ आणि १० दात असतात. दोन्ही आकड्यांना पाचने भाग जातो, त्यामुळे ठरावीक दात ठरावीक दातांनाच भेटत राहतात. अशा जोडीवर कारखाना खुणा करतो आणि बसवताना त्या जुळवाव्या लागतात. ४.११ च्या ३७ आणि ९ दातांना ही अट नाही, तिथे प्रत्येक दात प्रत्येकाला भेटतो.

डिफरन्शिअलच्या आत काय घालायचं, यावर शेजाऱ्यांशी बराच वेळ बोललो. मागची दोन्ही चाकं एकत्र बांधणारा डेट्रॉईट लॉकर अतूट आहे, पण वळताना खटखटतो आणि ओल्या रस्त्यावर मागचा भाग अचानक सरकवू शकतो. मी गिअरवर चालणारा ट्रूट्रॅक सुचवला. त्यात क्लचच्या चकत्या नाहीत, झिजायला फार काही नाही, आणि तो जागा झाल्याचं चालवणाऱ्याला कळतही नाही. त्यांनी तो घेतला. स्पीडोमीटरसाठी गिअरबॉक्समधलं प्लास्टिकचं छोटं चक्रही बदललं. रेशो बदलून ते तसंच ठेवलं तर काटा खोटं बोलतो.

जुनी मस्टँग घेण्याच्या विचारात असलेल्या मराठी मुलांना, आणि इथे असे बरेच आहेत, एवढंच सांगेन : एक्सलच्या बोल्टला अडकवलेली पत्र्याची चिठ्ठी आधी शोधा. रेशो तिच्यावर असतो, आणि मधे दशांशचिन्हाऐवजी एल असेल तर आत लिमिटेड स्लिप, म्हणजे एकच चाक घसरत राहू न देणारं डिफरन्शिअल, आहे. चिठ्ठी हरवली असेल तर दात मोजा. टायरचा व्यास स्वतः टेप लावून घ्या. मगच पैसे खर्च करा. जुळणी झाल्यावर पहिले पंधरा-वीस मैल हळू चालवा, पूर्ण थंड होऊ द्या, हे दोन-तीनदा करा, आणि पहिलं तेल ५०० मैलांवर बदला.